खलिफाची सत्ता कधी गेली? १२५८ च्या तीनशे वर्षं आधीचा हिशेब

प्रश्न असा आहे: अब्बासी खिलाफत पाचशे वर्षं चालली आणि १२५८ मध्ये मंगोलांनी बगदाद घेऊन ती संपवली, असं पाठ्यपुस्तकात वाचलं. दुसरीकडे, शेवटची तीनशे वर्षं खलिफा नावापुरताच उरला होता, असंही वाचायला मिळतं. मग सत्ता नेमकी कधी गेली, कशामुळे गेली आणि मंगोलांनी संपवलं ते काय?

थोडक्यात सांगायचं तर सत्ता ९३६ मध्ये गेली. ती पैशापायी गेली. परकीय आक्रमणाचा त्यात फारसा हात नव्हता. ‘तीनशे वर्षं नामधारी’ हे मात्र मला मान्य नाही, कारण बाराव्या शतकात खलिफांनी इराकपुरतं का होईना, गेलेलं राज्य परत मिळवलं होतं. मंगोलांनी बुडवलं ते हे परत मिळवलेलं राज्य. हे सगळं जरा सविस्तर सांगतो.

माझा अभ्यास नाण्यांचा. मध्ययुगीन इस्लामी नाणी वाचणं आणि त्यांची वर्गवारी लावणं, हे काम मी बरीच वर्षं करतो आहे. या विषयात नाण्याला साक्षीदार का मानायचं, हे आधी सांगायला हवं. त्या जगात राज्य कुणाचं, हे दोन गोष्टींवरून ठरायचं: शुक्रवारच्या नमाजाच्या वेळी खुतब्यात, म्हणजे मशिदीतल्या प्रवचनात, कुणाचं नाव घेतलं जातं, आणि नाण्यावर कुणाचं नाव पडतं. खुतब्यातले शब्द हवेत विरले, नाणी मात्र उरली. शिवाय या नाण्यांवर राजाचं चित्र नसतं, सगळा मजकूरच असतो. कुठल्या टांकसाळीत पाडलं, कोणत्या हिजरी वर्षी पाडलं, हे बहुतेक नाण्यांवर अक्षरात लिहिलेलं सापडतं. बखरकार पन्नास वर्षांनी आठवून लिहितो, नाणं त्याच वर्षी बोलतं.

सुरुवातीचं एक नाणं बघा. अब्बासींच्या आधीच्या उमय्यद घराण्यातला खलिफा अब्दुल मलिक यानं सन ६९६-९७ च्या सुमारास चित्रांची नाणी बंद करून फक्त मजकुराची नाणी आणली. सोन्याचा दिनार सव्वाचार ग्रॅमचा, चांदीचा दिरहम तीन ग्रॅमच्या आतबाहेर. त्या नाण्यांवर कुठल्याही खलिफाचं नाव नाही. एका बाजूला कलमा, दुसऱ्या बाजूला कुराणातला सूरा इखलास, कडेनं टांकसाळ आणि वर्ष. राज्य इतकं घट्ट होतं की नाव घालायची गरजच पडली नाही. खुरासानातून, म्हणजे इराणच्या ईशान्येकडच्या प्रांतातून, काळे झेंडे घेऊन निघालेल्या बंडानं ७५० मध्ये झाब नदीकाठी उमय्यदांचा पराभव केला, आणि नाण्यावर बदल झाला तो एवढाच: दुसऱ्या बाजूचा सूरा इखलास गेला आणि त्या जागी ‘मुहम्मद रसूल अल्लाह’ हे शब्द आले. अब्बासी घराणं पैगंबरांच्या चुलत्याचं, अब्बास यांचं. त्यांच्या दाव्याचं सार त्या तीन शब्दांत आलं होतं.

दुसरा अब्बासी खलिफा मन्सूर यानं ७६२ मध्ये बगदाद वसवायला घेतलं. त्याचं अधिकृत नाव मदीनत-उस-सलाम, आणि टांकसाळीचंही नाव तेच. दिरहमवर नावं उमटायला लागली ती याच मन्सूरच्या काळात, आणि पहिलं महत्त्वाचं नाव खलिफाचं नव्हे, त्याच्या वारसाचं होतं. मन्सूरचा मुलगा महदी याला गादी मिळावी म्हणून त्याचं नाव नाण्यावर घातलं गेलं. मला ही गोष्ट फार बोलकी वाटते. वारसाहक्काला नाण्याचा टेकू लागला, म्हणजे त्या हक्काबद्दल कुणाच्या तरी मनात शंका होती.

ती शंका पुढे खरी ठरली. हारून अल-रशीदनं ८०२ मध्ये मक्केत दोन मुलांकडून लेखी करार करून घेतला: आधी अमीन खलिफा होईल, त्याच्यामागून मामून, आणि तोवर खुरासान मामूनकडे राहील. हारून ८०९ मध्ये गेला आणि दोनच वर्षांत भाऊ एकमेकांवर चालून गेले. ८१२-१३ मध्ये मामूनचा सेनापती ताहिर यानं बगदादला वर्षभर वेढा घातला. अमीन मारला गेला. खलिफाच्या सैन्यानं खलिफाच्याच राजधानीवर दगडफेकी यंत्रं चालवली, आणि मन्सूरनं बांधलेल्या गोल शहराचं त्यात भरून न येणारं नुकसान झालं. हारूनच्या काळाचं आपल्याकडे जे सुवर्णयुगाचं चित्र आहे, त्याच्या पोटातच हे यादवीचं बीज होतं.

या यादवीतून धडा घेतला तो मामूनचा भाऊ मुअतसिम यानं. अरब टोळ्यांवर भरवसा नाही आणि खुरासानी सरदारांना स्वतःचे प्रांत हवेत, म्हणून त्यानं मध्य आशियातून तुर्क गुलाम मुलं विकत घेऊन, त्यांना घोडदळाचं शिक्षण देऊन स्वतःची फौज उभी केली. यांना गिलमान म्हणत. ना नातं ना गोतं, फक्त मालकाशी इमान, असा हिशेब. बगदादच्या लोकांशी त्यांचं पटेना, म्हणून ८३६ मध्ये मुअतसिमनं राजधानीच हलवली आणि टायग्रिसकाठी उत्तरेला सामर्रा वसवलं. पुढे मुतवक्किलनं तिथे जो चक्राकार मनोरा बांधला, तो आजही उभा आहे.

हिशेब चुकला तो एका साध्या बाबतीत. ज्याला नातंगोतं नाही त्याची निष्ठा पगाराशी असते. डिसेंबर ८६१ मध्ये तुर्क रक्षकांनी मुतवक्किलला त्याच्याच महालात कापलं, आणि पुढच्या नऊ वर्षांत चार खलिफा झाले.

त्यातला मुअतझ याचा शेवट इतिहासकार तबरीनं तपशिलानं लिहून ठेवला आहे. तबरी त्याच काळात हयात होता. ८६९ मध्ये सैनिकांचा पगार थकला. त्यांनी सांगितलं, पन्नास हजार दिनार द्या, आम्ही तुमच्या बाजूनं उभे राहतो. खलिफाच्या तिजोरीत खडखडाट होता. त्यानं आपल्या आईकडे, कबीहाकडे, निरोप पाठवला. तिनं कळवलं, माझ्याकडे काही नाही. सैनिकांनी मुअतझला पाय धरून ओढत बाहेर आणलं, उन्हात उभं केलं, सही घेऊन पदच्युत केलं आणि कोंडून मारलं. नंतर कबीहाचा लपवलेला पैसा सापडला, तो दहा लाख दिनारांच्या वर होता. मुलाचा जीव ज्या रकमेत वाचला असता, तिच्या वीस पट. मी हा प्रसंग कितीदा तरी वाचला आहे आणि दर वेळी वाटतं की अब्बासींचं दुखणं इथे उघडं पडलं आहे. साम्राज्यात पैसा होता, पण तो राज्याच्या तिजोरीत नव्हता.

का नव्हता? याचं उत्तर दक्षिण इराकच्या जमिनीत आहे. टायग्रिस आणि युफ्रेटिसच्या मधल्या कालव्यांखालच्या सुपीक प्रदेशाला अरब ‘सवाद’ म्हणत. बगदादचं सगळं वैभव या सवादच्या शेतसाऱ्यावर, म्हणजे खराजवर, उभं होतं. कालव्यांचं काम सततचं असतं. गाळ काढायचा, बांध बांधायचे, पाटाची दारं सांभाळायची. ते एक पिढी थांबलं तरी जमिनीवर मीठ फुटतं. दक्षिणेत बसऱ्याजवळ असं मीठ फुटलेलं पापुद्र्याचं रान खरवडून काढायला पूर्व आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबवले जात. त्यांनाच झंज म्हणत. ८६९ मध्ये, म्हणजे मुअतझ मेला त्याच वर्षी, त्यांनी बंड केलं. ते चौदा वर्षं चाललं. ८७१ मध्ये त्यांनी बसरा लुटलं. खलिफाचा भाऊ मुवफ्फक यानं ८८३ मध्ये बंड मोडलं, पण सवादचा दक्षिण भाग पुन्हा पहिल्यासारखा पिकला नाही.

त्याच सुमाराला प्रांत सुटत होते. इजिप्तमध्ये अहमद बिन तुलून ८६८ पासून आपला कारभार आपण बघू लागला. पूर्वेला याकूब सफ्फार तर ८७६ मध्ये थेट बगदादवर चालून आला आणि दैर-अल-आकूलच्या लढाईत कसाबसा अडवला गेला. नाण्यांवर हे अगदी सुबकपणे दिसतं. एका बाजूला खलिफाचं नाव तसंच राहतं, त्याखाली प्रांताच्या सुभेदाराचं नाव येऊन बसतं. खुतब्यात नाव, नाण्यावर नाव, आणि महसूल मात्र सुभेदाराच्या खिशात, अशी ही व्यवस्था.

मुअतदिद आणि मुक्तफी या बाप-लेकांनी ८९२ ते ९०८ या काळात बरंच सावरलं. राजधानी बगदादला परत आली होती, इजिप्त ९०५ मध्ये परत जिंकला. या सोळा वर्षांकडे लोकांचं दुर्लक्ष होतं, पण घसरगुंडी अटळ नव्हती हे त्यांनी दाखवून दिलं. मग ९०८ मध्ये दरबारातल्या मुत्सद्द्यांनी मुद्दाम तेरा वर्षांच्या मुक्तदिरला गादीवर बसवलं, कारण पोरगा आपलं ऐकेल. तो चोवीस वर्षं राहिला, आणि त्या चोवीस वर्षांत पुरता दिवाळखोरीचा कारभार झाला. वजीर पदावर माणसं सतत बदलत राहिली. नवा वजीर आला की जुन्याला कैद करून त्याच्याकडून पैसा उकळायचा, ही राज्याच्या उत्पन्नाची नेहमीची बाब बनली. अली बिन ईसा हा एक सचोटीचा वजीर होता. त्यानं जमाखर्च मांडून दाखवला, खर्च कापले, आणि ज्यांचे खर्च कापले त्यांनी त्याला घालवलं. प्रांताचा सारा वसूल करण्याचा मक्ता जास्तीत जास्त आगाऊ रक्कम देणाऱ्याला मिळू लागला. मक्तेदार दोन-तीन वर्षांत पैसे वसूल करून निघून जाणार. तो कालव्याचा गाळ कशाला काढेल? कुंपणच शेत खायला लागलं. जुन्या अरबी नोंदींतले आकडे एकमेकांशी पूर्ण जुळत नाहीत, पण नवव्या शतकाच्या सुरुवातीचं सवादचं उत्पन्न दहाव्या शतकाच्या सुरुवातीला निम्म्याच्याही बरंच खाली आलं होतं, याबद्दल अभ्यासकांत दुमत नाही.

याच मुक्तदिरच्या काळात बगदादचा एक माणूस आपल्या कोकणात येऊन गेला, ते इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. मसऊदी हा प्रवासी इतिहासकार हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे ९१६ च्या आसपास, सैमूरला होता. सैमूर म्हणजे आपलं चौल. तिथे सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले आणि इथेच जन्मलेले मिळून दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात, असं तो लिहितो. तिथला राजा झंझ, म्हणजे शिलाहार झंझ, आणि त्याच्यावर ‘बल्हारा’, म्हणजे मान्यखेटचा राष्ट्रकूट सम्राट. पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला सापडलेल्या ९२६ च्या ताम्रपटात तर राष्ट्रकूट इंद्र तिसरा याच्या वतीनं संजाणचा कारभार पाहणारा अधिकारी ‘ताजिक’, म्हणजे अरब, आहे आणि त्याचं नाव ‘मधुमती’, म्हणजे मुहम्मद, असं दिलं आहे. खलिफाची तिजोरी रिकामी होत होती तेव्हा व्यापाऱ्यांचं जग असं भरात होतं. खिलाफत दुबळी झाली म्हणजे सगळं इस्लामी जग दुबळं झालं, असं समजू नये, हे सांगायला याहून जवळचा पुरावा मला माहीत नाही.

दरम्यान खलिफा ही पदवीसुद्धा एकट्या बगदादची राहिली नव्हती. उत्तर आफ्रिकेत ९०९ मध्ये शिया फातिमींनी आपला खलिफा उभा केला, आणि ९२९ मध्ये स्पेनमधल्या कॉर्डोबाच्या तिसऱ्या अब्दुर रहमाननंही ती पदवी घेतली. ९३० मध्ये बहरैनच्या करामितांनी, म्हणजे एका बंडखोर शिया पंथानं, हजच्या दिवसांत मक्केवर हल्ला करून काबेतला काळा दगडच उचलून नेला. तो ९५१ मध्ये परत आला. ज्या खलिफाला हजची वाट सुरक्षित ठेवता येत नाही, त्याचं वजन किती उरणार? मुक्तदिर ९३२ मध्ये स्वतःच्याच सेनापतीशी, मुनिसशी, झालेल्या लढाईत मारला गेला.

आता ९३६. खलिफा राझीकडे सैन्याला द्यायला पैसा नव्हता. वासित आणि बसरा ज्याच्या ताब्यात होतं तो इब्न राइक महसूल पाठवत नव्हता. शेवटी राझीनं त्यालाच बोलावलं आणि ‘अमीर-उल-उमरा’ हे नवं पद निर्माण करून सैन्य, महसूल आणि मुलकी कारभार त्याच्या स्वाधीन केला. खुतब्यात खलिफाच्या जोडीनं त्याचं नाव घेतलं जाऊ लागलं. वजीर नावाला उरला. पैसा यापुढे अमीराच्या खजिन्यात जमा होऊ लागला आणि खलिफाच्या वाट्याला अमीर देईल ते यायचं. शुक्रवारचा खुतबा स्वतः देणारा, दरबारात विद्वानांबरोबर बसणारा शेवटचा खलिफा म्हणून नंतरच्या अरब लेखकांनी राझीची आठवण ठेवली. सत्ता गेली कधी, याचं एक वर्ष सांगा म्हटलं तर मी हे वर्ष सांगतो. इराणकडून आलेलं बुवैही घराणं बगदादेत पोहोचलं ते नऊ वर्षांनंतर.

पुढच्याच वर्षी, ९३७ मध्ये, इब्न राइकवर त्याचा जुना हाताखालचा तुर्क सरदार बजकम चालून आला. त्याला अडवायला इब्न राइकनं नहरवान कालव्याचा बांध फोडला. टायग्रिसच्या पूर्वेचा, सासानी राजांच्या काळापासूनचा हा कालवा बगदादच्या पूर्वेकडच्या शेतीचा प्राण होता. पाणी पसरलं, बजकम तरीही आला आणि अमीर-उल-उमरा झाला. कालवा मात्र नंतर कधीच पूर्ववत झाला नाही. एका लढाईतल्या चालीसाठी ज्यानं कालवा फोडला, त्यानं राज्याची पुढची शंभर वर्षांची कमाई फोडली. खिलाफतीच्या ऱ्हासावर लिहिताना लोक जनानखान्यातल्या कारस्थानांवर पानंच्या पानं खर्च करतात. त्यातलं एखादं पान तरी नहरवानच्या बांधाला मिळायला हवं.

या वर्षांतलं नाणं हातात घेतलं की सगळी कथा एका बोटभर चकतीवर वाचता येते. मदीनत-उस-सलामला हिजरी ३३१, म्हणजे ९४२-४३ मध्ये पडलेल्या दिरहमवर खलिफा मुत्तकी आहे, त्याच्या मुलाचं नाव आहे, आणि शिवाय मोसूलच्या हमदानी घराण्यातले दोन भाऊ आहेत, नासिर-उद-दौला आणि सैफ-उद-दौला. चार नावं एका नाण्यावर. वाचताना ओळी इतक्या दाटीनं येतात की भिंगाशिवाय सुटत नाहीत. बाहेरच्या कडेनं, मामूनच्या काळापासून चालत आलेली कुराणातली आयत तशीच फिरते आहे: आधी आणि नंतर, सारा हुकूम अल्लाहचाच.

डिसेंबर ९४५ मध्ये कास्पियन समुद्राकाठच्या दैलमचे बुवैही भाऊ बगदादपर्यंत पोहोचले. ते शिया होते, तरी त्यांनी सुन्नी खलिफाला हात लावला नाही. म्हणजे पदाला हात लावला नाही. व्यक्तीला लावला. महिनाभरानंतर, जानेवारी ९४६ मध्ये, भरदरबारात दोन दैलमी सैनिक खलिफा मुस्तक्फीपुढे आले. हाताचं चुंबन घ्यायला आले असतील असं समजून त्यानं हात पुढे केले. त्यांनी ते हात धरून त्याला तख्तावरून खाली खेचलं, त्याचंच पागोटं गळ्यात टाकून ओढत नेलं, आणि पुढे त्याचे डोळे काढले. काहिर आणि मुत्तकी या दोन माजी खलिफांचे डोळे आधीच काढले गेले होते. तेव्हा डोळे काढलेले तीन खलिफा बगदादेत एकाच वेळी हयात होते. नवा खलिफा मुतीअ याला रोजचा तनखा ठरवून मिळाला. सैन्याला रोख पगार देता येईना म्हणून बगदादच्या बुवैही अमीरानं, मुइझ-उद-दौलानं, जमिनींचा सारा थेट सरदारांना तोडून दिला. यालाच इक्ता म्हणतात, आणि हीच पद्धत पुढे दिल्लीमार्गे दख्खनेत आली.

मुतीअचा एक प्रसंग ध्यानात ठेवण्यासारखा आहे. ९७२ च्या सुमारास बायझंटाइन फौजा सरहद्द ओलांडून आत घुसल्या, लोक चिडले, आणि बुवैही अमीर बख्तियारनं खलिफाकडे जिहादसाठी पैसा मागितला. मुतीअनं कळवलं त्याचा आशय असा: राज्य माझ्या हातात असतं, पैसा आणि सैन्य माझ्याकडे असतं, तर ते माझं कर्तव्य होतं; माझ्याकडे खुतब्यात घेतलं जाणारं नाव तेवढं आहे, तेही नको असेल तर सोडून देतो. शेवटी त्याला कपडे आणि घरातल्या चीजवस्तू विकून चार लाख दिरहम उभे करावे लागले.

मग हे नाव तरी कशाला ठेवलं, असा प्रश्न येतोच. मराठी वाचकाला याचं उत्तर घरच्याच उदाहरणातून चटकन कळेल. अठराव्या शतकाच्या शेवटी दिल्लीचा बादशहा शाह आलम महादजी शिंद्यांच्या आधारानं राहत होता, आणि तरीही मराठ्यांच्या टांकसाळींतून पडणाऱ्या बहुतेक रुपयांवर नाव शाह आलमचंच असायचं. इंग्रज कंपनीनंही ते १८३५ पर्यंत चालू ठेवलं. बाजारात ते नाव चालायचं, सनदेला त्यानं वजन यायचं, आणि प्रतिस्पर्ध्यापेक्षा आपला हक्क मोठा ठरायचा. बुवैहींचं गणित तेच होतं. शिया खलिफा बसवला असता तर त्याचं खरोखर ऐकावं लागलं असतं. सुन्नी खलिफा मुठीत ठेवणं सोयीचं. ९९९ मध्ये गझनीच्या महमूदनं खलिफा कादिरकडून ‘यमीन-उद-दौला’ ही पदवी मिळवली ती याच हिशेबानं. पूर्वेकडच्या सल्तनतींच्या वाढत्या बाजारात मान्यतेचा शिक्का एकट्या बगदादकडे होता.

सेल्जुक तुर्क तुघ्रिल बेग १०५५ मध्ये बगदादेत आला आणि बुवैही गेले. खलिफाचा मालक तेवढा बदलला. मधल्या काळात १०५८-५९ मध्ये बसासिरी नावाच्या सेनापतीनं बगदाद घेऊन तिथल्या मशिदींत कैरोच्या फातिमी खलिफाच्या नावे खुतबा वाचवला, टांकसाळीत त्याच्या नावची नाणीही पाडली. जवळपास वर्षभर अब्बासी खिलाफत स्वतःच्या राजधानीत नव्हती. हा प्रसंग पाठ्यपुस्तकांत क्वचितच येतो.

पण नंतर जे झालं त्यामुळेच मला ‘तीनशे वर्षं बाहुलं’ हे वर्णन खटकतं. सेल्जुक घराण्यात भाऊबंदकी माजली तशी खलिफांनी संधी साधली. मुस्तरशिदनं स्वतः फौज घेऊन लढाई केली आणि त्यात पकडला जाऊन ११३५ मध्ये जीव गमावला. त्याचा भाऊ मुक्तफी (दहाव्या शतकातल्या मुक्तफीहून वेगळा) यानं शांतपणे पैसा साठवला, वजीर इब्न हुबैराच्या मदतीनं स्वतःचं सैन्य बांधलं, आणि ११५७ मध्ये सेल्जुक सुलतानानं बगदादला घातलेला वेढा परतवून लावला. सव्वादोनशे वर्षांनी खलिफा पुन्हा स्वतःच्या भिंतीवर स्वतःच्या सैनिकांनिशी उभा होता. नासिर (११८० ते १२२५) तर सगळ्या अब्बासी खलिफांत सर्वांत जास्त काळ गादीवर राहिला. त्यानं ‘फुतुव्वा’ या तरुणांच्या बंधुसंघांचं पुढारपण घेऊन शहरातली दंगेखोर शक्ती आपल्या बाजूला वळवली आणि एका तुर्क सत्तेविरुद्ध दुसरी उभी करत इराक राखला. त्याच्या दिनारांवर कुठल्याही अमीराचं, सुलतानाचं नाव नाही. खलिफाचंच नाव, मधोमध. मुस्तनसिरनं १२३४-३५ मध्ये बगदादेत पुन्हा चांदीचे दिरहम सुरू केले आणि मुस्तनसिरिया मदरसा बांधला. त्याची इमारत टायग्रिसकाठी अजून आहे. याच मुस्तनसिरची सनद १२२९ मध्ये दिल्लीला इल्तुतमिशकडे आली, आणि दिल्लीच्या चांदीच्या टंक्यावर बगदादच्या खलिफाचं नाव झळकलं.

तेव्हा १२५८ मध्ये मंगोलांचा सरदार हुलागू आला तो एका छोट्या, पण खऱ्या राज्यावर. तेव्हाचा खलिफा मुस्तअसिम हा काही नासिरच्या तोडीचा नव्हता. सैन्याची कपात, दरबारातली गटबाजी, शहरातले सुन्नी-शिया दंगे, १२५६ चा मोठा पूर, सगळंच एकावर एक आलं. जानेवारीच्या अखेरीस वेढा पडला, १० फेब्रुवारीला शहर शरण आलं, २० फेब्रुवारीला खलिफाला ठार केलं. राजरक्त जमिनीवर सांडू नये या मंगोल रिवाजानुसार गालिच्यात गुंडाळून घोड्यांखाली तुडवलं, असं सांगितलं जातं. चार वर्षांनी फ्रान्सच्या राजाला लिहिलेल्या पत्रात हुलागूनंच मेलेल्यांचा आकडा दोन लाखांच्या वर दिला. विजेत्यानं बढाईसाठी लिहिलेला आकडा म्हणून तो जपून घ्यावा, पण कत्तल भयंकर होती यात शंका नाही. टायग्रिस शाईनं काळी झाली, ही गोष्ट मात्र नंतरच्या काळात रंगवलेली आहे. बरेच ग्रंथ नसीरुद्दीन तुसीनं मराघ्याच्या वेधशाळेत नेले. हुलागूच्या नाण्यांवर कुराणातली एक आयत घातलेली सापडते: तू हवं त्याला राज्य देतोस आणि हवं त्याच्याकडून काढून घेतोस. पराभूतांच्याच धर्मग्रंथातून त्यांना सांगितलेला निकाल होता तो.

मंगोलांनी एक राज्य, एक शहर आणि एक मान्यता देणारं पीठ संपवलं. पण त्या पीठाचं नाव संपायला वेळ लागला, आणि ते किती चिवट होतं हे भारतातल्या नाण्यांवरून फार छान कळतं. दिल्लीच्या टंक्यांवर मुस्तअसिमचं नाव त्याच्या मृत्यूनंतरही चालूच राहिलं. बल्बनच्या टंक्यांवर ते आहे, जलालुद्दीन खलजीच्याही. मेलेल्या खलिफाचं नाव अडतीस वर्षं पडत राहिलं. ते काढलं अलाउद्दीन खलजीनं, १२९६ मध्ये, यादव रामचंद्राच्या देवगिरीहून लुटलेलं सोनं वाटून दिल्लीचं तख्त मिळवल्यावर. त्यानं स्वतःला दुसरा सिकंदर आणि ‘यमीन-उल-खिलाफा’, खिलाफतीचा उजवा हात, म्हणवलं. त्याचा मुलगा कुतबुद्दीन मुबारक आणखी पुढे गेला. त्यानं आपल्याच नाण्यांवर आपल्यालाच खलिफा म्हटलं.

मुहम्मद तुघलकाचं तर फारच हृदयद्रावक आहे. राजधानी दौलताबादेला आणून झाली, पितळ-तांब्याच्या सांकेतिक नाण्यांचा प्रयोग १३३२ पर्यंत बुडाला. त्या नाण्यांवर त्यानं ‘सुलतानाची आज्ञा पाळणारा ईश्वराची आज्ञा पाळतो’ असं कोरून पाहिलं होतं. चहूकडे बंडं झाल्यावर त्याला खलिफाची आठवण आली. हिजरी ७४१, म्हणजे १३४०-४१ पासून त्यानं नाण्यांवरून स्वतःचं नाव काढून कैरोच्या अब्बासी खलिफा मुस्तक्फीचं नाव घातलं. पण हा मुस्तक्फी कैरोच्या सुलतानानंच दक्षिण इजिप्तमध्ये कूसला हद्दपार केलेला होता, आणि दिल्लीत त्याच्या नावचं पहिलं नाणं पडलं तेव्हा तो वारलाही होता. बातमी यायला तीनेक वर्षं गेली. मग नाव बदलून हाकिमचं आलं. त्यानंही बंडं थांबली नाहीत. १३४७ मध्ये दौलताबादेतच हसन गंगू सुलतान झाला आणि बहमनी राज्य उभं राहिलं. त्याच्या टंक्यावरही अलाउद्दीन खलजीचीच ‘यमीन-उल-खिलाफा’ ही पदवी आहे.

कैरोचे हे खलिफा म्हणजे मंगोलांच्या तावडीतून निसटलेल्या अब्बासी राजपुत्रांचे वंशज. इजिप्तचा मामलुक सुलतान बैबर्स यानं पहिल्याला १२६१ मध्ये खलिफा केलं, थोडी फौज देऊन बगदाद घ्यायला पाठवलं, आणि तो त्याच वर्षी मंगोलांकडून मारला गेला. दुसऱ्याला मात्र बैबर्सनं कैरोतच ठेवून घेतला. त्यानंतर अडीचशे वर्षं या घराण्याचं काम एकच: नव्या मामलुक सुलतानाच्या राज्यारोहणाला हजर राहून मान्यता देणं. १४१२ मध्ये मामलुक सरदारांचं आपसात जमेना म्हणून खलिफा मुस्तईनलाच काही महिने सुलतान केलं गेलं, आणि त्या थोड्या काळातले त्याच्या नावचे दिनार आजही सापडतात. १५१७ मध्ये उस्मानी सुलतान सलीमनं कैरो घेतलं आणि शेवटचा खलिफा मुतवक्किल याला इस्तंबूलला नेलं. तिथे त्यानं खिलाफत सलीमला रीतसर सोपवली, ही कथा अठराव्या शतकात प्रसिद्ध झाली. त्या काळच्या कागदपत्रांत तिला आधार मिळत नाही.